न उडणाऱ्या भुंगेऱ्यांचं भांडण

दोस्तांनो, तांदळातला सोंड्या, शेणाचा गोळा ढकलत नेणारा किडा आणि अंधारात लुकलुकणारा काजवा एकाच घराण्यातले, हे खरं वाटतं का? तिघेही भुंगेरे, बरं का! खूण सोपी आहे. भुंगेऱ्याच्या पाठीवर बहुधा दोन कडक झाकणं असतात नि ती मधोमध सरळ रेषेत मिळतात. हे पुढचे पंख. उडायचे पातळ पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात.

पण झाकणांखाली धड पंखच नसले तर?

व्हर्नन वोलॅस्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाला हेच दिसलं. छातीचं दुखणं म्हणून १८४७ साली तो हवापालटासाठी अटलांटिक महासागरातल्या मदेरा बेटावर गेला आणि तिथे दगड उलटेपालटे करत भुंगेरे गोळा करत बसला. हौस म्हणजे हौस! त्याच्या मोजणीत सुमारे ५५० जाती भरल्या, आणि त्यांतल्या २०० जातींना उडताच येत नव्हतं.

ही माहिती चार्ल्स डार्विनने उचलली. तोही लहान वयापासून भुंगेरेवेडा. एकदा दोन्ही हातांत एकेक भुंगेरा असताना तिसरा दिसला, तेव्हा पठ्ठ्याने हातातला एक चक्क तोंडात टाकला. त्याने असा जळजळीत रस सोडला, की थू थू करायची पाळी आली!

डार्विनचं म्हणणं असं : बेटावर वारा जोराचा. जे भुंगेरे फार उडायचे ते समुद्रात जाऊन पडायचे. ज्यांचे पंख दुबळे किंवा जे आळशी, ते वाचायचे आणि त्यांनाच पिल्लं व्हायची. असं हजारो पिढ्या चाललं. शेजारच्या देझेर्ताश बेटांवर वाऱ्याला आडोसा कमी, आणि तिथे न उडणाऱ्यांचं प्रमाण अधिक.

गंमत पाहा. वोलॅस्टनने १८५६ मधलं आपलं पुस्तक डार्विनलाच अर्पण केलं होतं. पण १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ आला, तेव्हा पुढच्याच वर्षी त्याने त्यावर कडक टीका लिहिली. जातीत थोडाफार फरक पडतो, हे त्याला मान्य होतं. एका जातीतून दुसरी जात निघते, हे मुळीच नाही. भुंगेरे तेच, अर्थ दोन! डार्विनचा जिवलग मित्र हूकर यालाही वाऱ्याचं कारण पटेना.

२०२० साली अंटार्क्टिकाभोवतालच्या बेटांवरच्या कीटकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाऱ्याचा वाटा मोठा ठरला. मात्र कारणात भर पडली : जोराच्या वाऱ्यात उडायला फार शक्ती लागते. उडणं सोडलं, की ती शक्ती अंडी घालायला उरते.