मुखत्यारपत्रातून उभी राहिलेली सभा

परवा मी पौडच्या तहसील कचेरीबाहेर एका आजोबांचं मुखत्यारपत्र लिहून देत होते. थरथरता अंगठा, निळी शाई, बाजूला पुतण्या. मला एकदम सार्वजनिक काका आठवले! (आमच्या घरी माझ्या या इतिहासाच्या वेडाला सगळे कंटाळलेत.)

सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी, जन्म १८२८, साताऱ्याचे. पुण्यात वकिली जोरात चालली, पैसाही आला. पण २ एप्रिल १८७० ला पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली ती त्यांच्या पुढाकारानं. निमित्त होतं पर्वती संस्थानच्या कारभाराच्या तक्रारींचं. वकिली डोकं बघा: सुमारे सहा हजार लोकांच्या सह्यांची मुखत्यारपत्रं घेऊन ९५ जण सभासद झाले. म्हणजे 'तुम्ही कोणाच्या वतीनं बोलता?' असं साहेबानं विचारलं, तर कागद तयार!

१८७२ मध्ये स्वदेशीची शपथ घेतली, पदरचे पैसे घालून देशी मालाची दुकानं काढली. १८७७ च्या दिल्ली दरबाराला गेले ते खादी नेसून. सगळीकडे जरीचा झगमगाट आणि त्यात हे! पत्नी सरस्वतीबाईंनी पुण्यात स्त्री विचारवती सभा काढली, हे फार कोणी सांगत नाही.

१८७९ मध्ये क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारचा रोष ओढवून घ्यायला कोण धजणार? फडक्यांच्या बचावाला काका उभे राहिले, सोबत महादेव चिमाजी आपटे. फडक्यांना जन्मठेप झाली, एडनला धाडलं. पुढच्याच वर्षी काका गेले.

आजोबांचा अंगठा उमटला, पुतण्यानं कागद फुंकून वाळवला.