हौदाचा शुक्रवार

पहाटे 4.30

घणसोली गावठाणाच्या कडेला आमचा गोठा आहे. सात म्हशी, एक गाय आणि दीड महिन्याचं रेडकू. चहूबाजूंनी इमारती उठल्यामुळे आमच्याकडे उजाडतं उशिरा, पण डासांना त्याचं काही नाही. धारेला बसलं की तेच आधी हजर. म्हैस शेपटी मारते डासाला, बसते माझ्या गालावर. श्रावणात तर बादली गुडघ्यात धरायची की मान वाचवायची, हेच कळत नाही.

सकाळी 6.15

हे रतिबाला गेले आणि मी बॅटरी घेऊन हौदाशी. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट खोल, सिमेंटचा. काठोकाठ भरला तर हजार लिटर. दुभती म्हैस दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी सहज पिते, म्हणजे हौद अडीच दिवसांत रिकामा व्हायला हवा. होत नाही. कारण नळाला पाणी आलं की आम्ही वरून भर घालतो. तळचं वीतभर पाणी पिढ्यान्‌पिढ्या तसंच!

बॅटरीचा झोत पडला आणि पृष्ठभागावरचे सगळे वळवळे एकदम खाली गेले. सावली पडली तरी तेच करतात. म्हणून वाकून बघणाऱ्याला पाणी नेहमी स्वच्छ दिसतं. श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं. मिनिटभर न हलता थांबलं की एकेक करून येतात, डोकं खाली, शेपटीकडची नळी वर. मी पांढऱ्या ताटलीत पाणी घेतलं. अकरा अळ्या, दोन कोष. कोष म्हणजे पोहणारा स्वल्पविराम. तो दिसला की समजायचं, दोन दिवसांत उडणार.

मला रागच आला. गेल्याच शुक्रवारी हौद उपसला होता.

सकाळी 9.40

महापालिकेच्या हिवताप विभागाचा कामगार आला. खांद्याला पिशवी, हातात लांब दांड्याची पळी. पोरगा माझ्या धाकट्याच्या वयाचा.

“काकी, हौद बघू?”

“बघ. आणि सांग, आठ दिवसांत कोष कसे झाले?”

“उपसला होतात ना? घासला होतात का?”

नव्हता घासला. मागच्या शुक्रवारी आभाळ फाटलं होतं, म्हणून मी मोरीचा बोळा काढून पाणी सोडलं आणि परत भरलं. त्याने भिंतीवरून बोट फिरवलं. पाण्याच्या रेघेच्या जरा वर, ओलसर शेवाळलेल्या पट्ट्यात डेंगीचा एडिस डास अंडी चिकटवतो. काळी, खसखशीहून बारीक. सुकली तरी मरत नाहीत, काही महिने तशीच तग धरतात, आणि पाणी वर चढून त्यांना लागलं की फुटतात. म्हणजे पाणी ओतून मी डास घालवला नव्हता. हौद नव्याने भरून अंडी भिजवली होती. आपल्याकडच्या उबेत अळीचा डास व्हायला आठवडा पुरतो, म्हणूनच हौद रिकामा करून सुकवायचा कोरडा दिवस आठवड्यातून एकदा.

त्याने पळीतलं पाणी उजेडात धरलं. तिरक्या लटकतात त्या एडिस नाहीतर क्युलेक्स, पाण्याला समांतर आडव्या पडतात त्या हिवतापाच्या अ‍ॅनोफिलीसच्या. आमच्या सगळ्या तिरक्या. मागच्या गटाराच्या तोंडाशी शेणामुताचं काळं डबकं असतं, तिथे क्युलेक्सची वसाहत. त्यात त्याने औषध मारलं. हौदात मारायचं त्याने नाव काढलं नाही आणि मीही नाही.

यामागे माझा एक जुना पराक्रम आहे. लग्न होऊन आले त्या पावसाळ्यात कुणीतरी सांगितलं, पाण्यावर रॉकेलचा थर दिला की अळ्या गुदमरतात. गुदमरतात हे खरं, त्यांची श्वासाची नळी बंद होते. मी अर्धा कप हौदात ओतलं. म्हशींनी नाक लावलं, फुसकारल्या आणि पाठ फिरवली. दोन दिवस तोंड लावलं नाही. दूध निम्म्यावर. सासरे मला काही बोलले नाहीत, पण गावभर बोलले.

आता बीटीआय नावाचं जिवाणूंचं औषध निघालंय. 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात हा जिवाणू सापडला. अळीच्या आतड्यात अल्कधर्मी रस असतो, त्यातच त्याचं विष उमलतं; गुरांना, माणसांना, माशांना ते बाधत नाही. पण ते अळीने खावं लागतं, आणि कोष काही खातच नाही. कोषांना खराटाच.

सकाळी 11.00

बोळा काढला. पाणी मोरीत सोडायचं नाही, हे पोराने बजावलं होतं; गटारात वळवळे पुन्हा जगतात. पायवाटेच्या कोरड्या मातीवर सोडलं. ऊन होतं, पंधरा मिनिटांत जिरलं.

मग घासणं. आधी खराटा, त्याने फक्त सैल शेवाळ जातं. नंतर नारळाचा काथ्या, आणि पाण्याच्या रेघेवर विटेचा तुकडा. कोपरे सगळ्यांत चिवट, तिथे हात वाकत नाही, दात घासायचा जुना ब्रश लागतो. साबण नाही, फिनेल तर नाहीच. जी वस्तू म्हशीच्या जिभेला लागणार ती हौदाला लावायची नाही. नळाला जोडलेल्या तरंगत्या बोंडाची खालची बाजूही घासली. ती मी आजवर कधी बघितलीच नव्हती, आणि तिथे हिरवी दाढी होती. कंबर धरली. दोन तास हौद उघडा उन्हात तापू दिला. तोवर म्हशींना बादल्यांनी पाणी. आठ जनावरं, मोजत बसा.

दुपारी 2.30

हौदाच्या मागे पाच हजार लिटरची बांधीव टाकी आहे. ती दर आठवड्याला उपसणं कोणाच्या बापाला जमणार नाही, म्हणून तिच्यात गप्पी मासे. अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात. दोन-चार आणली होती, आता मोजता येत नाहीत. नळाचं ताजं पाणी एकदम सोडलं तर त्यातल्या क्लोरीनने मरतात, म्हणून मी हळूहळू भरते. आणि ते टाकीतच ठेवायचे. तळ्यात किंवा ओढ्यात सोडले तर तिथल्या माशांची पिल्लं संपवतात.

सासूबाईंना हे अजून पटत नाही. “मासा कालवनान पायजे, टाकीन कशाला?” आगऱ्याच्या घरात मासा पाळलाय, खायचा नाही म्हणून, यावर त्यांच्या मैत्रिणी अजून हसतात.

त्यांच्या काळी हौद नव्हताच. गुरं तळ्यावर जायची, तळ्यात मासे होते, बेडूक होते, कुणी अळ्या मोजत नव्हतं. 1970 मध्ये सिडको आली, 95 गावांच्या जमिनी घेतल्या, भाताची खाचरं गेली, आणि 1992 पासून आम्ही महापालिकेत. आता मोरबे धरणाचं पाणी नळाला येतं. पाणी चांगलं आहे, गोड आहे. फक्त ते साठवावं लागतं, आणि एडिसला चांगलंच पाणी आवडतं.

दुपारी 4.30

धारा, चारा. सांगण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी 6.45

गोठ्यात कडुलिंबाच्या पाल्याची धुरी. डास मरत नाहीत, बाजूला सरकतात, तेवढा वेळ गाय उभी राहते. 2022 मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा या गायीच्या अंगावर गाठी उठल्या होत्या. डास, माश्या, गोचीड, सगळ्यांवर संशय होता. तेव्हापासून ती धुरीत स्वतःहून येऊन उभी राहते.

धूर घालताना पाय रेडकाच्या टायरला लागला. ट्रकचा जुना टायर उभा चिरून यांनी त्याच्यासाठी पाण्याचं भांडं केलंय. मी उलटा केला. पाणी सांडलं, पण सगळं नाही. टायरच्या दुमडलेल्या काठात ते अडकतं, कितीही उलटापालटा केलं तरी कपभर राहतंच. ताटलीत घेतलं.

सव्वीस.

हौद घासून माझी कंबर गेली होती आणि कारखाना इथे, दहा पावलांवर!

“त्याला भोकं पाडा,” मी यांना म्हटलं.

“मग पाणी कसं राहील?”

“तेच तर.”

रात्री 9.15

यांनी कुरकुर करत टायरला खिळा तापवून सहा भोकं पाडली. रबराचा घाण वास सुटला, शेजारच्या इमारतीतून कुणीतरी खिडकी आपटली. रेडकाला आता घमेलं दिलंय. पाणी पिऊन झालं की ते भिंतीला पालथं टेकवायचं. आज मी टेकवलं, वळले, आणि मागून खणकन आवाज आला. रेडकाने ढुशी देऊन ते सरळ केलं होतं आणि रिकामा तळ चाटत बसलं होतं.