परळला दिलेलं रक्त नेमकं जातं कुठे?

नया नगरहून आजारी मूल घेऊन परळच्या केईएमला जाणाऱ्या आई-बापांची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. डॉक्टर तपासतात एका खोलीत आणि रक्ताचा नमुना पाठवतात भलत्याच मजल्यावर. "एवढं मोठं हॉस्पिटल, इथे मशीन नाही का?"

मशीन आहे, पण ते सगळ्यांचं मिळून एक आहे. फ्लो सायटोमीटरच घ्या. हे यंत्र रक्तातली एकेक पेशी लेझरसमोरून नेतं आणि कुठल्या जातीच्या किती पेशी आहेत ते मोजतं. वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या बाळाची प्रतिकारशक्ती जन्मतःच कमी आहे का, हे त्यावरून कळतं. यंत्र महाग असतंच. त्याहून महाग पडतात मुदत संपणारी रसायनं, देखभालीचा करार आणि ते रोज चालवणारा जाणकार माणूस. प्रत्येक विभागाने वेगळं घेतलं तर निम्मी यंत्रं धूळ खात पडतील. म्हणून मेडिकल कॉलेजांत उपचार आणि संशोधन दोन्हींसाठी सामायिक प्रयोगशाळा असतात. सरकारी मेडिकल कॉलेजांत अशी संशोधन केंद्रं उभारायची केंद्राची योजना 2013 ची आहे.

केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था मात्र खूप जुनी. आयसीएमआरने 1957 मध्ये ती रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू केली. त्याआधी 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतच 'बॉम्बे' रक्तगट शोधला होता. साध्या तपासणीत हा गट 'ओ' दिसतो, पण अशा माणसाला 'ओ' रक्तही चालत नाही. नेहमीच्या तपासणीपलीकडची प्रयोगशाळा का लागते, ते यावरून समजावं.

आपल्या घरांचा जास्त संबंध येतो तो थॅलेसेमियाशी. हा काही एका जमातीचा आजार नाही, सिंधी, कच्छी, लोहाणा घरांतही तो बराच आढळतो. पण चुलत-मामे नात्यात निकाह होतो तिथे दोघंही वाहक निघण्याची शक्यता वाढते. वाहक धडधाकट असतो, त्याला पत्ताच नसतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के धोका. एचपीएलसी नावाच्या तपासणीत वाहक सापडतो. निकाहआधी केली तर उत्तमच. राहून गेली असेल तर दिवस गेल्याचं कळताच करा, कारण गर्भाची तपासणी साधारण 10 ते 12 आठवड्यांत होते. आणखी एक: मुलाला रक्त चढवायचं असेल तर नमुना त्याआधी घ्यायला सांगा. नंतर घेतला तर त्यात दात्याचं रक्त मिसळलेलं असतं, रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

आता सहीचा कागद. उरलेलं रक्त संशोधनासाठी ठेवू का, असं त्यात विचारलेलं असू शकतं. आपले लोक एकतर न वाचता सही करतात, नाहीतर घाबरून उठून येतात. दोन्ही नको. हा कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत समजावून सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, मराठीत किंवा उर्दूत मागा. नाही म्हटलं तरी उपचार थांबत नाहीत, आणि दिलेली संमती नंतर मागेही घेता येते. एथिक्स कमिटीचा फोन नंबर त्याच कागदावर असतो. आपली प्रत मागून घ्या आणि मुलाच्या फाइलीत लावा.