ट्रॅक्टरची बॅटरी : निवड, निगा आणि आयुष्य

धान्याच्या व्यापारात वेळेला जे मोल आहे ते इतर व्यापारात क्वचितच असेल. सुगीच्या दिवसांत सकाळी आठच्या सौद्याला माल अडतीवर पोहोचला तर एक भाव, आणि दुपारी पोहोचला तर दुसरा. माल खळ्यावर तयार, हमाल हजर, ट्रॉली भरलेली, आणि ट्रॅक्टरची किल्ली फिरविताच 'टक्' असा एक क्षीण आवाज होऊन सर्व शांत व्हावे, हा प्रसंग बेळगाव भागातील आपल्या बहुतेक सभासदांनी केव्हा ना केव्हा पाहिला असेल. अशा वेळी सर्वजण बॅटरीला दोष देतात. वस्तुतः त्या बॅटरीचे मरण त्या सकाळी ओढवलेले नसते. ते चार-सहा महिन्यांच्या दुर्लक्षाने हळूहळू जवळ आलेले असते.

आपल्यापैकी अनेकांची पेढीबरोबर शेतीही आहे. त्यामुळे ट्रॅक्टर, मालाचा टेम्पो, जनित्र, दुकानातील इन्व्हर्टर आणि इलेक्ट्रॉनिक काटा अशा पाच ठिकाणी तरी बॅटरीशी आपला संबंध येतो. प्रस्तुत लेखक यंत्रशास्त्राचा पदवीधर नाही. परंतु चाळीस वर्षे वाहने बाळगताना, मेकॅनिक मंडळींच्या शेजारी उभे राहून आणि थोडेफार वाचून जे ज्ञान पदरी पडले, ते सभासद बंधु-भगिनींच्या उपयोगी पडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बॅटरीच्या पेटीत काय असते ?

शिसे आणि आम्ल यांची ही बॅटरी गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. १८८१ साली कामीय फोर याने शिशाच्या जाळीवर लेप भरण्याची युक्ती काढली आणि तिचे कारखान्यांतून उत्पादन शक्य झाले. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर बसविला गेला, आणि तेव्हापासून वाहन म्हटले की बॅटरी आलीच. एवढ्या काळात पेटी लाकडाची होती ती रबराची झाली आणि नंतर प्लॅस्टिकची; मूळ तत्त्व मात्र तेच राहिले.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा सुमारे दोन व्होल्टपेक्षा किंचित अधिक दाब देतो. कप्प्यात दोन प्रकारच्या प्लेटी असतात. एकीवर शिशाचा ऑक्साइड असतो, दुसरीवर सच्छिद्र शिसे. भोवती पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. वीज खर्च होते तेव्हा दोन्ही प्लेटींवर लेड सल्फेट नावाचा पदार्थ जमतो व आम्ल पातळ होत जाते. चार्जिंग केले की तोच पदार्थ परत विरघळून प्लेटी पूर्ववत होतात.

सर्व मर्म येथेच आहे. ताजे सल्फेट मऊ असते व चार्जिंगने सहज निघून जाते. बॅटरी उतरलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर त्याचे कठीण स्फटिक बनतात, आणि मग कितीही चार्जिंग केले तरी ते पुरतेपणी सुटत नाहीत. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर, उधारी ताजी असताना वसूल होते, जुनी झाली की बुडीत खात्यात जाते. ट्रॅक्टर हे हंगामी वाहन आहे. पेरणी आटोपली की सुगीपर्यंत ते बहुधा उभेच असते. म्हणून टेम्पोच्या बॅटरीपेक्षा ट्रॅक्टरची बॅटरी या रोगाला अधिक बळी पडते.

खरेदी करताना

पहिली गोष्ट क्षमतेची. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांना बारा व्होल्टची, साधारण ७५ ते १०० अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी लागते. डिझेल इंजिनात हवा फार दाबली जाते, त्यामुळे ते फिरविण्यास स्टार्टरला काही क्षण शेकडो अँपिअर प्रवाह हवा असतो. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जी क्षमता दिली असेल तीहून कमी कदापि घेऊ नये. थोडी अधिक चालेल. मात्र पेटी खोबणीत नीट बसली पाहिजे आणि धन-ऋण टोके मूळ जागीच आली पाहिजेत.

दुसरी गोष्ट प्रकाराची. स्टार्टरच्या बॅटरीत पातळ पण पुष्कळ प्लेटी असतात, कारण तिला थोड्या वेळात मोठा प्रवाह द्यावयाचा असतो. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत प्लेटी जाड असतात, कारण तिला तासन्‌तास बेताचा प्रवाह द्यावयाचा असतो. टेम्पोची जुनी बॅटरी दुकानातील इन्व्हर्टरला जोडण्याची काटकसर बाजारात पुष्कळ दिसते. वारंवार पूर्ण उतरल्याने अशी बॅटरी काही महिन्यांत निकामी होते. ज्याचे काम त्यालाच द्यावे.

तिसरी गोष्ट ताजेपणाची. नवे तांदूळ आणि जुने तांदूळ यांचा भाव आपण वेगळा लावतो. बॅटरीत मात्र जुन्याला मोल नाही. दुकानाच्या फळीवर ठेवलेली बॅटरीही आपोआप उतरत असते व उष्ण जागी अधिक वेगाने उतरते. म्हणून तिच्यावरील उत्पादनाचा महिना विचारावा, सहा महिन्यांहून जुनी असल्यास नाकारावी, आणि दुकानदाराकडून आपल्यासमोर व्होल्ट मोजून घ्यावेत. १२.५ व्होल्टच्या खाली काटा असेल तर ती घेऊ नये. हमीपत्रावर तारीख व शिक्का तेथेच घ्यावा. हमीचे बहुधा दोन भाग असतात: पहिल्या काही महिन्यांत बॅटरी बदलून मिळते, नंतरच्या महिन्यांत केवळ किमतीत सूट मिळते. दोहोंची बेरीज मोठ्या अक्षरांत छापलेली असते; आपण पहिला आकडा पाहावा.

चौथी गोष्ट हिशेबाची. समजा, एक बॅटरी सहा हजारांची असून दोन वर्षे टिकते, आणि दुसरी साडेसात हजारांची असून चार वर्षे टिकते. मोडीत दोहोंचे एक-एक हजार येतात असे धरू. पहिलीचा वार्षिक खर्च अडीच हजार, दुसरीचा सोळाशे पंचवीस. स्वस्त ती महाग पडते हे येथे त्रैराशिकाने सिद्ध होते.

पाणी न लागणाऱ्या बंद बॅटऱ्याही आता सर्रास मिळतात. जेथे देखरेख करणारे माणूस नाही तेथे त्या सोयीच्या; परंतु त्यांना अतिचार्जिंग सोसत नाही, कारण उडालेले पाणी परत घालता येत नाही. लिथियमच्या बॅटऱ्या वजनाने हलक्या व टिकाऊ असल्या तरी त्यांना स्वतंत्र प्रकारचा चार्जर लागतो. वाहन बनविणाऱ्याने संमती दिल्याखेरीज जुन्या ट्रॅक्टरवर हा प्रयोग करू नये.

महिन्याची निगा

पाण्याची बॅटरी असल्यास महिन्यातून एकदा झाकणे उघडून पातळी पाहावी. प्लेटी सदैव बुडालेल्या असाव्यात. केवळ डिस्टिल्ड पाणी घालावे. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यातील क्षार प्लेटींना अपाय करतात. आम्ल कधीही घालू नये. उडते ते पाणी, आम्ल आतच राहते; वरून आम्ल घातल्यास ते प्रमाणाबाहेर तीव्र होते. प्लेटी उघड्या नसतील तर पाणी चार्जिंग झाल्यावर भरावे. आधी काठोकाठ भरल्यास ते फुगून बाहेर येते.

हायड्रोमीटर हे बॅटरीचे तापमापक आहे. भरलेल्या बॅटरीतील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व आपल्या उष्ण प्रदेशात साधारण १.२४०च्या आसपास किंवा थोडे वर असते. एका कप्प्याचे माप इतरांहून ०.०५० ने कमी आले तर तो कप्पा बिघडला असे समजावे. बंद बॅटरीला व्होल्टमीटर पुरतो. वाहन काही तास उभे असताना १२.६ किंवा अधिक आले तर बॅटरी भरलेली, १२.२ आले तर निम्मी, १२ च्या खाली गेले तर तातडीने चार्जिंगला पाठवावी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसावे. तसे न दिसल्यास दोष अल्टरनेटरचा किंवा पट्ट्याचा असतो, आणि नवी बॅटरी घेऊनही काही साध्य होत नाही.

पेटीचा माथा कोरडा व स्वच्छ ठेवावा. पावसाळ्यात ओल आणि धूळ यांचा थर बसला की त्यातून वीज झिरपत राहते. टोकांवर पांढरा-हिरवा थर आल्यास खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. मात्र सोडा कप्प्यात जाऊ देऊ नये. नंतर टोके कोरडी करून घट्ट आवळावीत व वरून व्हॅसलीन लावावे. पेटीचा कसणीपट्टा सैल असेल तर शेतातील गचक्यांनी प्लेटींवरील लेप गळून तळाशी साचतो. बॅटरी अकाली जाण्याचे हे एक मोठे, पण दुर्लक्षित कारण आहे.

बॅटरी काढताना प्रथम ऋण टोक सोडावे, बसविताना ते शेवटी जोडावे. असे केल्याने पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी पडत नाही. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक दाबून धरू नये, आणि दोन प्रयत्नांत थोडी विश्रांती द्यावी.

ट्रॅक्टर उभा असताना

ट्रॅक्टर महिनाभराहून अधिक उभा राहावयाचा असेल तर बॅटरी पूर्ण भरून ऋण तार सोडून ठेवावी. दर महिन्या-दीड महिन्याने पुन्हा चार्जिंग करावे. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या दशांश असावा. म्हणजे ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीला आठ अँपिअर. ट्रॅक्टर पाच मिनिटे चालू करून बंद करण्याची पद्धत निरुपयोगी आहे. तेवढ्या वेळात भरणा पुरता होत नाही. गल्लीबोळांत थांबत-थांबत माल पोहोचविणाऱ्या टेम्पोचेही तेच होते.

बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते असा समज घरोघरी आहे. जुन्या काळच्या झिरपणाऱ्या पेट्यांच्या बाबतीत त्यात तथ्य होते. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या पेटीला ते लागू नाही. ती उतरते ते फरशीमुळे नव्हे, नुसती पडून राहिल्यामुळे. खरा शत्रू उष्णता आहे. सामान्य नियम असा की, तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. म्हणून ट्रॅक्टर सावलीत उभा करावा.

ज्या सभासदांची मुले अमेरिकेत स्थायिक आहेत, त्यांनी तेथे घराभोवतीची हिरवळ कापण्याचा बसून चालविण्याचा लहान ट्रॅक्टर पाहिला असेल. त्याचीही बॅटरी बारा व्होल्टचीच, परंतु आकाराने लहान असते. थंडीत तो यंत्रराज कित्येक महिने झोपतो. उतरलेल्या बॅटरीतील आम्ल पाण्यासारखे पातळ झाल्याने शून्याखाली काही अंशांवरच गोठून पेटी फुटू शकते. पूर्ण भरलेली बॅटरी मात्र कडाक्याची थंडी सोसते. देश निराळा, ऋतू निराळा, नियम तोच: उभी करावयाची तर भरून उभी करावी.

धान्याच्या गोदामाचा विशेष विचार

आतापर्यंतचे विवेचन कोणाही वाहनधारकास लागू आहे. यापुढील चार शब्द खास आपल्या धंद्यासाठी आहेत.

चार्जिंग चालू असताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा चार झाले की ठिणगीने त्याचा स्फोट होऊ शकतो. धान्याची हवेत उडालेली बारीक धूळही पेट घेते. म्हणून गोदामात चार्जिंग कदापि करू नये. ते उघड्या, हवेशीर पडवीत करावे आणि जवळ विडी, काडी, दिवा येऊ देऊ नये. रात्री पाण्याची पातळी पाहण्यासाठी काडी ओढणारे ड्रायव्हर आमच्या पेठेत अजूनही आढळतात. त्यांना हे शब्द वाचून दाखवावेत. डोळ्यांत आम्ल उडाल्यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ स्वच्छ पाण्याने धुवावे व लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

गोदामात कीडनाशक गोळ्यांची धुरी देताना जो फॉस्फिन वायू सुटतो तो तांब्यास खातो. त्या काळात चार्जर, इलेक्ट्रॉनिक काटा आणि त्याची बॅटरी बाहेर काढून ठेवावी, अन्यथा तारांचे सांधे काळे पडून बिघाड होतात. काट्यातील लहान बंद बॅटरीही उतरलेल्या स्थितीत ठेवू नये; हंगाम नसला तरी तिला नियमाने चार्जिंग द्यावे.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. जुनी, फुटकी बॅटरी पोत्यांच्या थप्पीशेजारी कोपऱ्यात टाकून दिलेली प्रस्तुत लेखकाने एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. आम्लाच्या थेंबाने पोत्याला भोक पडते ही हानी क्षुल्लक होय. शिसे हे विष आहे. ते शरीरात साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस कायमची बाधा आणते. आपण विकतो ते लोकांच्या ताटात जाते. त्या धान्याशेजारी शिशाला जागा असता कामा नये. ज्यांनी बॅटरी हाताळली त्यांनी साबणाने हात धुतल्याखेरीज धान्यास हात लावू नये.

जुनी बॅटरी भंगारवाल्यास दोनशे रुपये अधिक मिळतात म्हणून देण्याचा मोह होतो. तो माणूस ती उघड्यावर फोडतो, आम्ल गटारात ओततो आणि शिसे चुलीवर वितळवितो; त्याचा धूर त्याच्याच मुलाबाळांच्या छातीत जातो. भारत सरकारच्या २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी अशा बॅटऱ्या जमिनीत पुरण्यास वा जाळण्यास मनाई केली असून त्या गोळा करून पुनर्वापरास पाठविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानदारास परत द्यावी व किमतीतील सूट पावतीवर लिहून घ्यावी. शिसे पुनःपुन्हा वितळवून नव्या बॅटरीत वापरता येते, तेव्हा ही वस्तू वायाही जात नाही.

उपसंहार

हे सर्व वाचून काम फार आहे असे वाटण्याचा संभव आहे. वास्तविक महिन्यातून अर्धा तास पुरतो. दिवाळीला आपण वहीपूजन करतो व जमाखर्चाचा मेळ घालतो. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक बॅटरीची खरेदीची तारीख, हमीची मुदत आणि दरमहाचे व्होल्ट यांची एक ओळ लिहावी. जो आकडा महिन्यागणिक घसरतो तो पुढील संकटाची सूचना आधीच देत असतो, आणि अशी सूचना वेळेवर वाचणे हे तर आपल्या धंद्याचे पहिले शिक्षण आहे.