नोंद जपण्याची विद्या : एका दिवसाचा डेटाबेस-वर्ग

साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाने इंग्रजी पहिलीच्या वर्गात प्रवेश घेतला. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' असे नाव लिहिले गेले. ते रजिस्टर आजही जपलेले आहे आणि त्या प्रवेशाची आठवण म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. ज्याने ती ओळ लिहिली, त्याला पुढे काय घडणार आहे याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्याने मागच्या मुलाचे नाव जसे लिहिले तसेच याचेही लिहिले. नोंद ठेवणाऱ्याचा धर्म तो हाच. कोणती ओळ उद्या मोलाची ठरेल हे आज सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक ओळ सारख्याच काळजीने लिहावी आणि राखावी लागते.

आज ते रजिस्टर संगणकात गेले आहे आणि ते राखणाऱ्यास डेटाबेस प्रशासक म्हणतात. नाव मोठे असले तरी विद्या आपल्या आटोक्यातील आहे. मी याच वसतिगृहात वाढलो आणि पुढे याच कामावर पोट भरले. सुटीच्या दिवशी गावोगावच्या एकदिवसीय वर्गांत मी ही विद्या शिकवत असतो. शाळेचे लिपिक, ग्रामपंचायतीचे संगणक परिचालक, दूध संस्थेचे सचिव, नुकत्याच पदवीधर झालेल्या मुली असे पंधरा-वीस जण जमतात. अशा एका दिवसात काय शिकता येते आणि ते आपल्या समाजाने का शिकावे, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावेसे वाटते.

सकाळ : एका माणसाची एकच ओळ

काटेवाडी परिसरात हा विषय समजावण्यास उसाच्या नोंदीइतके चांगले उदाहरण नाही. कारखान्याकडे ऊस नोंदवताना सभासद क्रमांक, गट क्रमांक, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख लिहून घेतली जाते आणि त्या तारखेवरून तोडीचा क्रम लागतो. एकाच गावात एकाच नावाचे दोन शेतकरी असू शकतात, पण एकाच सभासद क्रमांकाचे दोन असू शकत नाहीत. डेटाबेसच्या भाषेत या क्रमांकास 'प्रायमरी की' म्हणतात. शाळेच्या जनरल रजिस्टरचा क्रमांक हीसुद्धा तीच गोष्ट. नाव बदलेल, पत्ता बदलेल, मुलगा शाळा सोडून जाईल, पण तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या कोणास दिला जाणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे एकच माहिती दोन ठिकाणी लिहू नये. ऊस गव्हाणीकडे जाण्यापूर्वी वजनकाट्यावर जी पावती निघते, तिच्यावर शेतकऱ्याची सारी माहिती नव्याने नोंदवण्याची गरज नसते. क्रमांक पुरेसा असतो, बाकीचे त्या क्रमांकावरून शोधता येते. माहिती अशी स्वतंत्र तक्त्यांत ठेवून क्रमांकांनी जोडावी, हा विचार एडगर कॉड या गणितज्ञाने आयबीएम कंपनीत असताना १९७० साली मांडला. जगातील बहुतेक बँका, रेल्वे आणि कारखाने आजही त्याच पायावर उभे आहेत. वर्गात आम्ही 'पोस्टग्रेएसक्यूएल' वापरतो. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालेल्या प्रकल्पातून ते घडले. ते विनामूल्य आहे आणि साध्या संगणकावरही चालते.

येथे एक प्रश्न हमखास येतो : "एक्सेलमध्ये सगळे होते, मग हे कशाला?" उत्तर म्हणून मी एक्सेलच्या कोऱ्या पानावर 'सरल' प्रणालीतील एका विद्यार्थी क्रमांकासारखा १९ अंकी आकडा टाकण्यास सांगतो. एक्सेल आकड्यातील पहिले १५ अंकच सांभाळते, पुढच्या अंकांच्या जागी शून्ये बसवते. म्हणजे रकाना आधी 'मजकूर' म्हणून ठरवला नसेल, तर एका वर्गातील सर्व मुलांचे क्रमांक मुकाट्याने सारखे होऊन बसतात. तारखांचेही तसेच. ०५/०६/२०१२ ही ५ जून की ६ मे, हे त्या संगणकाच्या मांडणीवर अवलंबून राहते. डेटाबेसमध्ये प्रत्येक रकान्यात काय बसेल आणि काय बसणार नाही, हे आधीच बजावून ठेवता येते. ३१ फेब्रुवारी ही जन्मतारीख तो स्वीकारतच नाही.

दुपार : किल्ली कोणाकडे?

जेवणाआधीचा तास अधिकारांचा. वसतिगृहाच्या अधीक्षकास मुलाच्या पालकाचा फोन आणि त्याच्या आजारपणाची माहिती हवी. भोजनगृहास आज किती पाने वाढायची एवढा आकडा पुरे. गुणांची नोंद शिक्षक करतील, पण जन्मतारीख बदलण्याचा अधिकार त्यांना नको. 'ग्रँट' आणि 'रिव्होक' या दोन आज्ञांनी हे सारे ठरवता येते. अर्ध्या तासात ते हाताला बसते.

अवघड असते ती सवय. पुष्कळ कार्यालयांत एकच पासवर्ड सर्वांना ठाऊक असतो आणि तो टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला असतो. मग चूक कोणी केली हे कळण्याचा मार्गच उरत नाही. प्रत्येकास स्वतःचे नाव आणि स्वतःचा पासवर्ड द्यावा, हा अविश्वास नव्हे. ते प्रामाणिक माणसाचे संरक्षण आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने संमत केला. त्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे बंधन घातले आहे. मुलांची यादी मोबाईलवरच्या गटात सहज पाठवून देण्याचे दिवस आता संपले, असे समजावे.

तिसरा प्रहर : चूक करून पाहणे

जेवणानंतर आम्ही मुद्दाम चूक करतो. एका मुलाची जन्मतारीख दुरुस्त करायची असते. 'अपडेट' या आज्ञेत कोणत्या ओळीस हात लावायचा हे 'व्हेअर' या शब्दाने सांगावे लागते. तो शब्द गाळून आज्ञा दिली की क्षणार्धात शाळेतील सर्व मुले एकाच दिवशी जन्मलेली दिसू लागतात. वर्गात हशा पिकतो, पण पुढच्याच क्षणी सगळे गप्प होतात. मग सांगायचे, की आज्ञेपूर्वी 'बिगिन' लिहिले असेल तर 'रोलबॅक' म्हणताच सारे पूर्ववत होते, आणि 'कमिट' म्हणेपर्यंत काहीही कायम होत नाही.

हे शक्य होण्यामागची रचना गावकऱ्यांस नवी नाही. जमिनीचा व्यवहार झाला की तलाठी सातबारा थेट खोडून लिहीत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांकासह नोंद होते, ती प्रमाणित होते आणि मगच सातबाऱ्यावर अंमल दिला जातो. पोस्टग्रेएसक्यूएलही बदल आधी एका रोजनिशीत लिहिते आणि मग मूळ तक्त्यात उतरवते. मधेच वीज गेली तरी उठल्यावर ते ती रोजनिशी वाचून काम जिथल्या तिथे आणते.

शेवटचा तास बॅकअपचा, आणि तो मी स्वतःच्या चुकीपासून सुरू करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी असाच 'व्हेअर' गाळला आणि 'बिगिन'ही लिहिले नव्हते. बॅकअप रोज रात्री आपोआप निघतो, म्हणून मी निर्धास्त होतो. फाईल उघडली तर ती रिकामी होती. डिस्क भरल्यामुळे कित्येक आठवडे रिकाम्या फाईली निघत होत्या आणि तपासण्याचे काम माझे असूनही मी एकही उघडून पाहिली नव्हती. कागदी पावत्यांवरून ती माहिती पुन्हा भरण्यात चार जणांचे अकरा दिवस गेले. मोठ्यांचीही हीच कथा आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगप्रसिद्ध कंपनीत एका अभियंत्याने दुसराच सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसची माहिती पुसली. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या, पण ऐनवेळी बहुतेक निकामी ठरल्या. एका प्रतीवरून काम सावरले, तरी सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. कंपनीने ते लपवले नाही, सारी हकीगत जगापुढे मांडली. त्या प्रामाणिकपणाने माझ्यासारख्या अनेकांस शिकवले.

म्हणून वर्गाचा शेवट एकाच परीक्षेने होतो. बॅकअप काढायचा, डेटाबेस स्वतःच्या हाताने पुसायचा आणि बॅकअपवरून परत उभा करून ओळी मोजायच्या. जो बॅकअप परत उभा करून पाहिला नाही, तो बॅकअप नाही. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. शाळेच्याच कपाटात ठेवलेला पेनड्राइव्ह त्याच कपाटाबरोबर भिजतो, जळतो किंवा चोरीस जातो.

आपल्यासाठी हे का?

हे कौशल्य नोकरी देते, हे खरेच आहे. पुण्यात १९९० साली डॉ. आनंद देशपांडे यांनी पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी उभी केली. त्यांची पीएच.डी. संगणकशास्त्रातील होती आणि कंपनीचे आरंभीचे कामही डेटाबेसभोवतीचेच होते. बारामतीच्या महाविद्यालयांतून शिकलेल्या मुलांना हे क्षेत्र परके राहिलेले नाही. एका दिवसात कोणी प्रशासक होत नाही, पण वाट दिसते. पुढच्या अभ्यासासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे विनामूल्य पाठ मराठीतही उपलब्ध आहेत.

परंतु माझ्या मते खरे कारण वेगळे आहे. आपल्या घरांत मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर व्यावसायिक शिक्षणास निघाली की जातपडताळणीचा प्रश्न उभा राहतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख निर्णायक मानली जाते. त्यापूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा शोधताना आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातील एक ओळ सापडली की घरात दिवाळी होते. ती न सापडल्याने प्रवेशाची मुदत टळलेली मुलेही मी पाहिली आहेत. त्यात १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक कुटुंबांच्या नोंदी बदलल्या. आजोबांच्या नावापुढे एक धर्म, वडिलांच्या नावापुढे दुसरा. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या घटनात्मक सवलती केंद्राच्या पातळीवर १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. अशा घराच्या कागदांत जुनी नोंद आणि नवी नोंद दोन्ही जशाच्या तशा लागतात.

म्हणून शाळेचा डेटाबेस बांधताना एक नियम आम्ही पाळण्यास सांगतो. जुने मूल्य पुसून नवे लिहू नये. काय होते, काय झाले, कोणी बदलले, केव्हा आणि कोणत्या आदेशाने, हे वेगळ्या तक्त्यात राहू द्यावे. हीच आपली फेरफार नोंदवही. आज जे मूल वसतिगृहात दाखल होत आहे, त्याची नातवंडे कदाचित ही ओळ शोधत येतील.

पालकांकडूनही एवढीच अपेक्षा आहे. प्रवेशाच्या वेळी मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि जात-धर्माचा रकाना स्वतः वाचून पाहावा, येत नसेल तर वाचून घ्यावा. शाळा सोडल्यानंतर ही दुरुस्ती फार कठीण होते. माजी विद्यार्थ्यांपैकी जे संगणकक्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार द्यावा. जुन्या रजिस्टरांची छायाचित्रे काढणे, ती अनुक्रमाने लावणे, एक प्रत गावाबाहेर ठेवणे आणि दर सहा महिन्यांनी बॅकअप उभा करून पाहणे, एवढे काम चार माणसांचे आहे.

पिढ्यान् पिढ्या आपली नोंद दुसऱ्यांनी ठेवली, आणि पुष्कळदा ठेवलीच नाही. आता वही आपल्या हाती आहे. तिच्यातील प्रत्येक मुलाची ओळ १९१४ क्रमांकाच्या ओळीइतक्याच काळजीने जपणे, हे काम आपल्याला शिकता येईल आणि ते आपणच करावयाचे आहे.