जाईला कात्री लावाच!

दारात जाईचा वेल असावा, सांजवेळी ओंजळभर कळ्या तोडून गजरा करावा, ही हौस कुणाला नसते? पण 'वेल छपराला टेकला, फूल मात्र दिसेना,' ही तक्रारही घरोघरी असतेच. वेलाला दोष देऊ नका, मैत्रिणींनो. जाई फुलते ती नव्या फुटीवर. जुन्या फांद्या जपत बसलं, तर नुसती पानंच पाहायची!

डिसेंबरअखेर धारदार कात्रीने वेल जमिनीपासून दीड फुटावर छाटावा. तमिळनाडूत जाईची शेती करणारे दरवर्षी हेच करतात. मांडवावर चढवलेला वेल असेल, तर मुख्य खोड ठेवून बाजूच्या फांद्या आखूड कराव्यात. जिवावर येतं खरं, पण पावसाळ्यातला बहर याच छाटणीवर ठरतो. मग आळं करून घमेलंभर कुजलेलं शेणखत घाला. नव्या वेलाला मात्र पहिलं वर्ष वाढू द्या.

पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या गावात जमीन काळी, भारी. बुंध्याशी पाणी साचलं की मुळं कुजतात. म्हणून लावतानाच खड्ड्यातल्या मातीत वाळू आणि शेणखत मिसळा, बुंध्याशी मातीची भर द्या. जागा उन्हाची निवडा. उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असतेच. तेव्हा तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी आळ्यात ओता. साबणाचं पाणी नको. वरून पालापाचोळा पसरला, की ओल टिकते.

यंदा मन घट्ट करून कात्री हातात घ्याच. गजरा घरचा होईल!