ब्रुज आणि गेंट एका दिवसात: सहलीत काय दिसतं, काय निसटतं?

ब्रसेल्सहून निघणाऱ्या गाईडसोबतच्या अनेक सहली गेंट आणि ब्रुज ही बेल्जियममधली कालव्यांची दोन मध्ययुगीन शहरं एकाच दिवसात दाखवतात. रेल्वेने गेंट अर्ध्या तासावर, ब्रुज तासाभरावर. त्यामुळे अडचण अंतराची नाही, वेळेची आहे.

ब्रुज इतकं जुनं कसं राहिलं? ११३४ च्या वादळामुळे झ्विन नावाची खाडी शहराच्या दिशेने आत आली आणि ब्रुज मोठी व्यापारपेठ बनलं. इंग्लंडची लोकर यायची, फ्लेमिश कापड बाहेर जायचं. पुढे खाडी गाळाने भरली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्यापार अँटवर्पकडे सरकला. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही. एकोणिसाव्या शतकात डागडुजी झाली खरी, पण आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात ते बरंचसं त्या गरिबीमुळेच टिकलं आहे.

सहलीचा ब्रुजमधला वेळ बहुधा दुपारचा, म्हणजे ऐन गर्दीचा. बेलफ्री मनोऱ्याच्या ३६६ पायऱ्या चढायच्या की बोटीत बसायचं, हे आधीच ठरवावं. दोन्ही क्वचितच जमतं. गेंटच्या सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये व्हॅन आयक बंधूंचं १४३२ मधलं वेदीचित्र आहे. त्याचं तिकीट वेगळं असतं, सहलीच्या पैशांत ते धरलंय का, हे विचारून घ्या.

ब्रुजलाही हे धावते पाहुणे जड होतात. २०१९ मध्ये शहराने एका दिवसाच्या सहलींची जाहिरात थांबवायचं ठरवलं. संध्याकाळी बस परतल्या की कालव्याकाठची गर्दी ओसरते. ते ब्रुज मुक्कामाला थांबणाऱ्यालाच दिसतं.